माशी, कोळी आणि दुर्बीण

बंदुकीच्या नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी जो बारीकसा खुंट असतो, त्याला मराठीत 'माशी' म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याची नजर बारीक होती. दस्ता खांद्याला लावून, एक डोळा मिटून पाहिलं, की तो खुंट खरोखरच नळीवर येऊन बसलेल्या माशीसारखा दिसतो. पुढे लांब पल्ल्याच्या बंदुकीवरून ही माशी हळूहळू उडाली आणि तिची जागा कोळ्यानं घेतली. कोळ्यानं म्हणजे कोळ्याच्या धाग्यानं. ही अदलाबदल कशी झाली, आणि आज लांबच्या लक्ष्यावर नेम धरण्यासाठी दुर्बीण विकत घेऊ पाहणाऱ्याला तिच्यातून काय घेण्यासारखं आहे, ते आज सांगणार आहे.

मी दिंडोशीला राहतो. माझी सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत, लेव्हल आणि थिओडोलाइट यांच्या मागे उभं राहण्यात गेली. त्यामुळे ओळखीपाळखीत माझी ख्याती 'दुर्बीणवाले काका' अशी आहे. अलीकडे नेमबाजी शिकणारी मुलं आणि त्यांचे पालक मला हमखास एक प्रश्न विचारतात. ''काका, रायफलवर लावायची दुर्बीण बघतोय. किती पटींची घेऊ?'' हातात कॅटलॉग असतो आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्याभोवती पेनानं गोल केलेला असतो. मी म्हणतो, पटींचं नंतर बघू. आधी आतली रेघ कशी आहे ते सांगा. यावर समोरचा माणूस जरा गोंधळतो, कारण रेघेकडे त्यानं पाहिलेलंच नसतं. कॅटलॉगात त्या रेघेसाठी 'रेटिकल' नावाचा रकाना असतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहानसं जाळं असा आहे. दुर्बिणीची किंमत काचेत असेल, पण तिचं शहाणपण या जाळ्यात आहे. हे शहाणपण यायला तीनशेहून अधिक वर्षं लागली.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. साध्या बंदुकीनं नेम धरताना तीन गोष्टी एका ओळीत आणाव्या लागतात: डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लांबवरचं लक्ष्य. खाच वीतभर अंतरावर, माशी हाताच्या अंतरावर आणि लक्ष्य शेकडो पावलांवर. माणसाचा डोळा एका वेळी यांपैकी एकच गोष्ट स्पष्ट पाहू शकतो. माशी स्पष्ट केली तर लक्ष्य धूसर होतं आणि लक्ष्य स्पष्ट केलं तर माशी विरघळते. चाळिशी लागलेल्या माणसाला तर हा अनुभव वर्तमानपत्र वाचतानाही येतो. नेमबाजीत सांगतात की डोळा माशीवर ठेवा, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. सल्ला बरोबरच आहे, पण ती एक तडजोड आहे.

जुन्या काळी ही तडजोड कुणाला बोचत नसे, कारण बंदूकच तेवढी अचूक नव्हती. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी बंदुकांच्या फैरी झाडल्या, त्या समोरच्या फळीवर. एकेका माणसावर नेम धरून नव्हे. आतून गुळगुळीत असलेल्या नळीतून सुटलेली गोल गोळी शंभर पावलांपलीकडे कुठे जाईल याचा भरवसा नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नळीला आतून पीळ देणं सैन्यात सर्रास झालं, लांबट गोळी आली आणि चित्र बदललं. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीवर शेकडो यार्डांचे आकडे कोरलेली, उभी करता येणारी एक शिडी बसवलेली होती. हीच ती रायफल, जिच्या काडतुसांनी १८५७ साली वणवा पेटवला. गोळी आता दूर जात होती. डोळा मात्र तिच्याइतका लांब पोचत नव्हता.

आता थोडं मागे, आकाशाकडे जाऊ. मराठीत 'वेध' हा शब्द दोन अर्थांनी येतो. ताऱ्याचा वेध घ्यायचा तो वेधशाळेत आणि लक्ष्याचा वेध घ्यायचा तो मैदानात. आपल्या भाषेनं या दोन गोष्टी केव्हाच एकत्र बांधून ठेवल्या आहेत. इतिहासातही बंदुकीवरची दुर्बीण आली ती वेधशाळेच्याच वाटेनं.

गॅलिलिओच्या दुर्बिणीतून चंद्रावरचे डोंगर दिसले, पण त्या दुर्बिणीत नेम धरायची सोय नव्हती. तिच्या रचनेत नळीच्या आत खरं चित्र कुठेच पडत नाही. १६११ साली केप्लरनं वेगळी जोडणी सुचवली. डोळ्याकडचं भिंगही फुगीर घ्यायचं. चित्र उलटं दिसतं, पण एक मोठा लाभ होतो: लांबच्या वस्तूचं चित्र नळीच्या आत, एका ठरावीक जागी, हवेतच उमटतं. मागचं भिंग ते चित्र मोठं करून दाखवतं, एवढंच. पण त्या हवेतल्या चित्राच्या जागी आपण एखादी वस्तू ठेवली तर? ती वस्तू आणि लांबचा तारा दोन्ही एकाच वेळी, सारखेच स्पष्ट दिसतील.

हा शोध लागला तो एका कोळ्यामुळे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या विल्यम गॅस्कॉइन या तरुणाच्या दुर्बिणीत १६४० च्या सुमारास एका कोळ्यानं धागा ओढला. नेमका भिंगांच्या त्या समाईक जागी. गॅस्कॉइननं डोळा लावला आणि त्याला आकाशावर एक रेघ दिसली. दुसरा एखादा असता तर त्यानं फडक्यानं नळी साफ केली असती. यानं त्यावरून नेम धरण्याची आणि मोजण्याची युक्ती काढली. चार वर्षांनी, १६४४ मध्ये, राजाच्या बाजूनं लढताना मार्स्टन मूरच्या रणांगणावर तो मारला गेला. पण त्याची रेघ टिकली. पुढे वेधशाळांतल्या आणि मोजणीच्या दुर्बिणींत खरेखुरे कोळ्याचे धागे ताणून चिकटवण्याची पद्धत पडली, कारण इतका बारीक आणि तरी ताणाला टिकणारा तंतू माणसाला बनवता येत नव्हता. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा काढली, ती जहाजांना अचूक वेळ सांगता यावी म्हणून. अशा वेधशाळांत तारा दुर्बिणीतली रेघ केव्हा ओलांडतो यावरून घड्याळं लावली जात.

हीच रेघ जमिनीवर उतरली तेव्हा तिनं देश मोजला. विल्यम लॅम्बटननं १८०२ साली मद्रासजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीची सुरुवात केली. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. डोंगरावरून डोंगरावर नेम धरत ही माणसं दक्षिणेकडून वर सरकत गेली. लॅम्बटनचा शेवट आपल्याच मुलखात झाला. जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचं निधन झालं आणि तिथेच त्याची कबर आहे. पंचवीस-तीस मैलांवरच्या टेकडीवरच्या खुणेवर नेम धरणारा हा माणूस गोळी झाडत नव्हता, पण 'लांब पल्ल्याचा वेध' म्हणजे काय हे त्याच्याइतकं त्या काळी फार थोड्यांना कळलं असेल.

मोजणीवाल्यांनी रेघेत आणखी एक सुधारणा केली, ती आजच्या रायफलीच्या दुर्बिणीत जशीच्या तशी आहे. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॅट, त्यानं १७७१ साली स्कॉटलंडमध्ये कालव्यांची पाहणी करताना दुर्बिणीत मधल्या आडव्या रेघेच्या वर आणि खाली दोन जादा रेघा घातल्या. रस्त्याच्या कडेला तिपाईवर दुर्बीण लावून वाकलेला ओव्हरसियर आणि पलीकडे आकड्यांची लांब पट्टी धरून उभा असलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आमच्या इथे दिंडोशी न्यायालयापासून चित्रनगरीकडे जाणाऱ्या उड्डाणपुलाची आखणी होतानाही ही मंडळी रस्त्यावर होती. त्या जुन्या दुर्बिणीत वरच्या आणि खालच्या रेघेमध्ये पट्टीचा किती भाग सापडला ते पाहायचं आणि त्याला शंभरनं गुणायचं. दीड मीटर सापडला तर अंतर दीडशे मीटर. साखळी ओढायला नको, फीत धरायला नको. रेघ फक्त नेम दाखवत नाही, ती मोजतेही, हे इथे सिद्ध झालं.

मग ही दुर्बीण बंदुकीवर कधी चढली? अमेरिकेत १८४० च्या दशकात नळीएवढ्याच लांबीच्या दुर्बिणी रायफलीवर बसवू लागले होते. पण आपल्याला जवळचा असा एक माणूस या गोष्टीत आहे. त्याचं नाव डेव्हिडसन. कंपनीच्या मुंबई सैन्यातला हा स्कॉटिश अधिकारी. रायफलीला दुर्बीण जोडावी हे वेड त्यानं आयुष्यभर बाळगलं. क्रिमियाच्या युद्धात, १८५४-५५ मध्ये सेबास्तोपोलच्या वेढ्यातलं एक दृश्य त्यानं नोंदवलं आहे. एक शिपाई दूरच्या तोफेच्या झरोक्यावर रायफल रोखून, बोट चापावर ठेवून पडला आहे. त्याच्या शेजारी दुसरा शिपाई साधी दुर्बीण लावून त्याच झरोक्याकडे बघतो आहे. झरोक्यात माणूस दिसला की हा सांगणार आणि तो चाप ओढणार. डेव्हिडसनचं म्हणणं असं, की पाहणारा एक आणि नेम धरणारा दुसरा, असं कशाला? दोघांचं काम एकाच डोळ्याला द्या.

त्यानं केलेली दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या बाजूला बसत असे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांच्या हाती अशा थोड्या रायफली पोचल्या. दुर्बीण काम चोख करी, पण डोळा तिच्या फार जवळ न्यावा लागे आणि रायफलीच्या धक्क्यानं नेमबाजाच्या डोळ्याभोवती काळंनिळं वर्तुळ उमटे. आजही दुर्बीण निवडताना डोळा आणि मागचं भिंग यांत किती अंतर राहतं हे पाहावं लागतं. तीन-साडेतीन इंच मोकळी जागा हवी. हा धडा त्या काळ्यानिळ्या डोळ्यांनी आपल्याला दिलेला आहे.

खेळाचं मैदान मात्र दुर्बिणीला सहजासहजी खुलं झालं नाही. १८६० साली इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा विम्बल्डनला भरली. उद्घाटनाची गोळी राणी व्हिक्टोरियानं झाडली. रायफल व्हिटवर्थचीच. ती एका यंत्रात घट्ट बसवलेली होती आणि राणीनं फक्त रेशमी दोरी ओढायची होती. चारशे यार्डांवरच्या लक्ष्यात गोळी मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली. त्या दिवशी रायफल किती अचूक आहे ते जगाला कळलं. आता प्रश्न उरला तो माणसाच्या डोळ्याचा. १८७४ साली न्यू यॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांत हजार यार्डांपर्यंतचा गाजलेला सामना झाला, तोही दुर्बिणीवाचून. त्या नेमबाजांनी माशीला छोटं कडं केलं आणि मागच्या खाचेच्या जागी बारीक भोक असलेली चकती बसवली. भोक बारीक असलं की त्यातून पाहताना जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. चष्मा हाताशी नसेल तर मुठीच्या फटीतून पाटी वाचून बघा, म्हणजे पटेल. पुढे बिस्लेच्या मैदानावरच्या राणीच्या नावाच्या मानाच्या स्पर्धेतही हीच पद्धत राहिली. हजार यार्डांच्या स्पर्धेत दुर्बिणीचा एक खास वर्ग निघाला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. कॅनडाचे जॉर्ज फार्क्वारसन हे मुरलेले नेमबाज. वय वाढलं, नजर आणि हात पूर्वीसारखे राहिले नाहीत, पण खेळ सोडवेना. दुर्बीण आणि टेकू यांची परवानगी द्या, असा त्यांनी आग्रह धरला. त्यांच्याच आद्याक्षरावरून त्या वर्गाला 'एफ क्लास' म्हणतात.

आता पुन्हा दिंडोशीत येऊ. आमच्या मुख्य रस्त्याचं नाव जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग. बसडेपो याच रस्त्यावर आहे. रोज हजारो माणसं हे नाव वाचत जातात. वैद्य मूळचे अलिबागचे. १९८३ ते १९८६ या काळात ते लष्करप्रमुख होते आणि ऑगस्ट १९८६ मध्ये पुण्यात अतिरेक्यांनी त्यांची हत्या केली. पण १९६५ च्या सप्टेंबरात ते लेफ्टनंट कर्नल होते आणि खेमकरण विभागात असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचं नेतृत्व करत होते. त्या कामगिरीसाठी त्यांना महावीरचक्र मिळालं. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले शर्मन रणगाडे होते. समोर पाकिस्तानचे नवेकोरे अमेरिकी पॅटन. पॅटनमध्ये अंतर मोजण्याचं एक गुंतागुंतीचं दृष्टियंत्र होतं. दोन्ही डोळे लावून आतली खूण लक्ष्यावर तरंगत आणून बसवायची, मग अंतर मिळायचं. ज्याची सवय पक्की आहे त्याच्या हातात हे यंत्र उत्तम. पण उभ्या उसात, पाणी सोडलेल्या शेतात, काहीशे मीटरवरून एकदम रणगाडा समोर येतो तेव्हा ज्याला पहिली गोळी नीट टाकता येते तो वाचतो. पॅटन तिथे डझनांनी निकामी झाले. लढाई एका यंत्रामुळे फिरली असं कुणी म्हणू नये. चिखल होता, घोड्याच्या नालेसारखी केलेली मोर्चेबांधणी होती आणि अब्दुल हमीदसारख्यांचं शौर्य होतं. तरी युद्धाच्या अभ्यासकांनी या यंत्राचा उल्लेख वारंवार केला आहे. त्यातला मुद्दा आपल्या विषयाला लागू पडतो. दुर्बिणीत किती सोयी आहेत यापेक्षा, ज्या कामासाठी ती घेतली त्या कामाला त्यातल्या किती उपयोगी पडतात, हे महत्त्वाचं.

म्हणून दुर्बीण घेताना पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, की माझं लक्ष्य किती अंतरावर आहे हे मला आधीच ठाऊक आहे का?

ठाऊक असेल, म्हणजे मैदानावरची स्पर्धा असेल, तर वॅटच्या जादा रेघांची गरज नाही. गॅस्कॉइनची एकच बारीक रेघ पुरे. मधोमध एक बारीक ठिपका असला तर उत्तम. 'बारीक' म्हणजे किती, ते आकड्यांनी सांगतो. हजार यार्ड म्हणजे सुमारे ९१४ मीटर. एफ क्लासच्या लक्ष्यातलं त्या अंतरावरचं सर्वांत आतलं वर्तुळ पाच इंच, म्हणजे १२.७ सेंटिमीटर व्यासाचं असतं. दुर्बिणीतल्या मापाचं एक एकक आहे मिल. एक मिल म्हणजे हजार मीटरवर एक मीटर. समजा दुर्बिणीतली रेघ एक पंचमांश मिल जाडीची आहे. ९१४ मीटरवर ती १८ सेंटिमीटर जागा झाकते. म्हणजे ज्या वर्तुळात गोळी घालायची ते वर्तुळ रेघेखाली पूर्ण बुडालं! तीच रेघ ०.०५ मिलची असेल तर साडेचार सेंटिमीटरच झाकते आणि वर्तुळ दोन्ही बाजूंनी दिसत राहतं. पटी वाढवून या अडचणीतून सुटका होतेच असं नाही. ती होते की नाही हे रेघ कुठे कोरली आहे त्यावर ठरतं.

पटी बदलता येणाऱ्या दुर्बिणीत रेघ कोरायच्या दोन जागा असतात. एक, पुढच्या चित्राच्या जागी. तिथली रेघ पटी वाढवल्या की चित्राबरोबर जाड होत जाते, त्यामुळे झाकणारी जागा तेवढीच राहते. पण तिच्यावरचं माप कोणत्याही पटीला खरं असतं. दुसरी, मागच्या चित्राच्या जागी. तिथली रेघ डोळ्याला कायम तेवढीच दिसते, म्हणून जास्त पटींवर ती लक्ष्याचा कमी भाग झाकते. पण तिच्यावरचं माप एकाच ठरावीक पटीला खरं. अंतर माहीत असलेल्या मैदानावरच्या नेमबाजाला सहसा मागची रेघ सोयीची. अंतर स्वतः काढावं लागतं त्याला पुढची. तिथे वॅटचं गणित जसंच्या तसं चालतं: एक मीटर उंचीची वस्तू दोन मिल भरली, तर ती पाचशे मीटरवर आहे.

दुसरं एकक 'मिनिट'. अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर ते २.९ सेंटिमीटर भरतं, हजार यार्डांवर साडेसव्वीस. मिल घ्यावं की मिनिट यावर नेमबाजांचे तावातावानं वाद होतात. माझं मत साधं आहे. कोणतंही घ्या, पण आतली रेघ आणि बाहेरचा नॉब एकाच भाषेत बोलणारे घ्या. रेघेवर मिल आणि नॉबवर मिनिट असं असलं, की प्रत्येक गोळीमागे गुणाकार करावा लागतो, आणि चाप ओढायच्या क्षणी गुणाकार कुणालाच जमत नाही. नॉब किती फिरतो हेही बघा. शंभर यार्डांवर नेम बसवलेल्या नेहमीच्या .३०८ रायफलीला हजार यार्डांवर जायला साधारण ३५ ते ४० मिनिटांची चढ द्यावी लागते. दुर्बिणीत तेवढी जागाच नसेल तर तिच्या पटींचा काय उपयोग?

आणि आता पटी. जास्त पटींनी लक्ष्य मोठं होतं, तसा हाताचा कंपही मोठा होतो आणि उन्हानं तापलेल्या जमिनीवरची हवेची थरथरही. आपल्याकडे सकाळी दहानंतर पत्र्याच्या छपरावरून पलीकडे पाहिलं, की समोरची इमारत पाण्यात उभी असल्यासारखी डुलते. मोठ्या पटींत लक्ष्य तसं डुलतं. शिवाय उजेड घटतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पटी, एवढाच प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. ५६ मिलिमीटरचं भिंग आणि २५ पटी, तर झोत सव्वादोन मिलिमीटरचा. ढगाळ दिवशी चित्र काळवंडतं. म्हणून जाणते नेमबाज मोठ्या पटींची दुर्बीण घेतात तरी उन्हाच्या वेळी पटी उतरवून वापरतात.

इथवर ऐकून एखादा पालक विचारेल, की मग माझ्या मुलीसाठी यातली कोणती घेऊ? त्याला मी आधी वेगळंच सांगतो. तुमची मुलगी ज्या खेळात उतरली आहे त्यात रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. आजच्या ऑलिम्पिकमधल्या रायफल प्रकारांत तिला मनाई आहे. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर घडलेल्या अंजली भागवतनं २००० साली सिडनीत अंतिम फेरी गाठली, २००४ मध्ये अथेन्सला सुमा शिरूरनं गाठली, ती क्रीडमूरच्या नेमबाजांसारखीच बारीक भोक आणि कडं यांच्या आधारानं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. त्यांच्या रायफलीवर एकही पट वाढवणारं भिंग नव्हतं.

पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. एखाद्या शर्टाच्या बटणाएवढं. ते नुसत्या डोळ्याला तिथून दिसतच नाही. दिसतो तो त्याच्याभोवतीचा ११२.४ मिलिमीटरचा काळा गोल. नेमबाज हा काळा गोल पुढच्या कड्यात बसवतो, भोवती पांढऱ्याची कडा सगळीकडे सारखी ठेवतो आणि चाप ओढतो. एका वर्तुळात दुसरं वर्तुळ मधोमध आहे की नाही हे ओळखण्यात माणसाचा डोळा विलक्षण तरबेज आहे. तेवढ्या भरवशावर न दिसणारं दहाचं वर्तुळ फुटतं. हे पुढचं कडं बदलता येतं. लहान, मोठं, जाड, बारीक अशी कडी मिळतात. नवख्या मुलांना वाटतं, कडं जितकं घट्ट तितका नेम पक्का. होतं उलटंच. पांढऱ्याची कडा फार अरुंद झाली की डोळ्याला ती सारखी आहे की नाही ते ठरवता येत नाही, मन चाचरतं, श्वास संपतो आणि गोळी उशिरा सुटते. जरा मोकळं कडं घेतलं की हात सुटा होतो. रेघेच्या निवडीचं सगळं शास्त्र या एका कड्यात आलं. म्हणून मुलांना माझं सांगणं असतं, की आधी कडं निवडायला शिका. ज्याला स्वतःच्या डोळ्याला कोणतं कडं मानवतं ते कळलं, त्याला पुढे कधी मोठ्या पल्ल्याच्या स्पर्धेत उतरावंसं वाटलं तर दुर्बिणीतली रेघ निवडणं जड जाणार नाही.

आणि तशी वेळ आलीच, तर दुकानात करून बघायची एक परीक्षा सांगतो. मोजणीखात्यात नव्या माणसाला आम्ही ती पहिल्या दिवशी शिकवत असू. दुर्बीण टेबलावर पक्की बसवा. काउंटरवरच नव्हे, तर दाराबाहेर रस्त्यापलीकडच्या एखाद्या पाटीवर तिची रेघ आणा. आता दुर्बिणीला हात न लावता डोकं किंचित डावीकडे-उजवीकडे हलवा. रेघ पाटीवरून सरकल्यासारखी दिसली, तर चित्र आणि रेघ एका जागी नाहीत. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. बाजूचा नॉब फिरवून ते सरकणं पूर्ण थांबवता आलं पाहिजे. थांबत नसेल तर ती दुर्बीण चाळीस पटींची असो की शंभर, तिची रेघ खोटं बोलते आहे. ती तिथेच ठेवून या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)